ऐकू येणे आणि ऐकून घेणे

डोळे मिटता येतात, पण कान मिटता येत नाहीत. कानाला पापणी नाही. तुम्ही गाढ झोपेत असता तेव्हाही हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर येऊन आदळतच असतात, त्यामागची तीन चिमुकली हाडे हलतच असतात आणि गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या नळीतील केशपेशी आपले संदेश मेंदूकडे धाडतच असतात. आवाजाची मुख्य बातमी मेंदूला पोचवणाऱ्या केशपेशी एका कानात अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास असतात. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्याशा भांडवलावर कान केवढा व्यवहार करतो याचे नवल वाटते.

मग प्रश्न असा पडतो की, कान जर कधीच बंद होत नसेल, तर बाईंनी सांगितलेला गृहपाठ वर्गातल्या कितीतरी मुलांना दुसऱ्या दिवशी ठाऊकच का नसतो?

उत्तराचा निम्मा भाग आपल्या भाषेतच दडलेला आहे. ‘मला ऐकू आले’ असे आपण म्हणतो, ‘मी ऐकले’ असे म्हणतो आणि ‘मी त्याचे ऐकून घेतले’ असेही म्हणतो. पहिली गोष्ट आपोआप घडते. दुसरीला थोडे लक्ष द्यावे लागते. तिसरीत मात्र समोरच्याला त्याचे बोलणे पुरे करू द्यावे लागते, आणि त्याला जे म्हणायचे होते तेच आपल्याला कळले की नाही हे पडताळून पाहावे लागते. या तिसऱ्या कामाला मानसशास्त्रज्ञ सक्रिय श्रवण म्हणतात. माणूस जितक्या वरच्या जागेवर बसलेला, तितके हे काम त्याला जड जाते. कारखान्यातील फोरमन, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक, कबड्डीच्या संघाचा कप्तान या सगळ्यांची ही अडचण आहे. ती कशी उद्भवते हे पाहण्यासाठी आपण विमानाच्या कॉकपिटमध्ये जाणार आहोत. तिथले बोलणे ध्वनिमुद्रित होते. त्यामुळे कोण काय बोलले आणि त्याचे पुढे काय झाले हे मागाहून मिनिटामिनिटाने तपासता येते.

पण त्याआधी एक प्रयोग पाहू. १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने काही लोकांच्या कानांना हेडफोन लावले. डाव्या कानात एक मजकूर आणि उजव्या कानात दुसराच मजकूर, असे दोन्ही एकाच वेळी ऐकवले. त्यांतल्या एका कानातील मजकूर मोठ्याने जसाच्या तसा म्हणत जायचे, एवढेच काम त्यांना दिले होते. लोकांनी ते चांगले केले. नंतर त्यांना विचारले, ‘दुसऱ्या कानात काय चालले होते?’ आवाज पुरुषाचा होता की बाईचा, एवढे त्यांना सांगता आले. मजकूर कशाविषयी होता हे मात्र सांगता येईना. मध्येच इंग्रजीची जर्मन भाषा झाली होती, तेही पुष्कळांच्या ध्यानात आले नव्हते! कान दोन्ही उघडे होते, ध्वनीही सारखेच पोचत होते. मेंदूने मात्र एकाच कानाचा माल आत घेतला होता.

निवड अशी कानांमध्येच होते असे नाही. २०१५ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी काही लोकांना डोळ्यांनी करायचे काम दिले, ते करीत असता आवाज ऐकवले आणि मेंदूत उमटणारे अतिसूक्ष्म चुंबकीय संकेत मोजले. डोळ्यांचे काम सोपे असताना आवाजाला मेंदूकडून चांगला प्रतिसाद मिळाला. ते अवघड केल्यावर त्याच आवाजाला मेंदूच्या श्रवणकेंद्रात उमटणारा प्रतिसादच क्षीण झाला. म्हणजे डोके एखाद्या गोष्टीत अतिशय गुंतलेले असताना ‘मला ऐकूच आले नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते खोटे असेलच असे नाही. (ही सबब आईपुढे जपून वापरावी!)

आता कॉकपिटमध्ये जाऊ.

२८ डिसेंबर १९७८ ची संध्याकाळ. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान डेन्व्हरहून पोर्टलंड शहराकडे येत होते. विमानात १८९ माणसे होती. कॉकपिटमध्ये तिघे होते : कप्तान, सहवैमानिक आणि इंजिने व इंधन यांच्यावर नजर ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर. कप्तान मोठा अनुभवी, सत्तावीस हजारांहून अधिक तास उड्डाण केलेला.

विमानतळ जवळ आल्यावर चाके खाली सोडली, तेव्हा मोठा धक्का बसला. चाके खाली येऊन पक्की बसली असे दाखवणारा हिरवा दिवा लागला नाही. चाक मोडले असेल तर उतरताना विमान घसरेल, पेट घेईल. म्हणून कप्तानाने उतरणे लांबणीवर टाकले आणि विमान पोर्टलंडभोवती घिरट्या घालू लागले. पंखांवरच्या खुणांवरून चाके खाली दिसत होती, तरी त्याची खात्री पटेना. आपत्तीत प्रवाशांना बाहेर कसे काढायचे याचीही तयारी चालली होती. यात कप्तानाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. तो काळजीच घेत होता.

आता कागद-पेन्सिल घ्या. सायंकाळी सुमारे ५ वाजून ४९ मिनिटांनी सहवैमानिकाने विचारले, इंधन किती उरले आहे? उत्तर मिळाले, पाच हजार पौंड. म्हणजे सुमारे २,२७० किलो. विमान त्या वेळी दर मिनिटाला साधारण १०० किलो इंधन जाळत होते. भागाकार करा. बावीस-तेवीस मिनिटे! म्हणजे ६ वाजून ११-१२ मिनिटांच्या सुमारास टाक्या रिकाम्या होणार होत्या.

यानंतर मिनिटभरातच कप्तानाने फ्लाइट इंजिनिअरला सांगितले, आणखी पंधरा मिनिटांनी उतरू असे धरून विमानाचे वजन काढ. तीन-चार हजार पौंड इंधन उरेल असे समज. फ्लाइट इंजिनिअर म्हणाला की, तेवढे उरणार नाही, पंधरा मिनिटांत इंधन फारच खाली जाईल. त्याचे बरोबर होते. आपल्याच हिशेबाने पाहिले तर पंधरा मिनिटांनी सातशे किलोंच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड हजार पौंड उरणार होते. कप्तानाच्या कानावर हे वाक्य गेले. पण तो पुढची कामे सांगू लागला. ६ वाजून २ मिनिटांनी फ्लाइट इंजिनिअरने पुन्हा सांगितले, आता तीन हजारच उरले आहे. तरीही बोलणे चालू राहिले ते चाकांचे, दिव्यांचे आणि प्रवाशांच्या तयारीचे.

६ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास एक इंजिन बंद पडले. ‘का?’ असे कप्तानाने विचारले. ‘इंधन’ असे उत्तर मिळाले. यानंतर विमान धावपट्टीकडे वळवले, पण एकामागून एक सगळी इंजिने थंडावली आणि ६ वाजून १५ मिनिटांनी विमान शहराबाहेरच्या वस्तीलगतच्या झाडीत कोसळले. टाक्या कोरड्या होत्या, त्यामुळे आग लागली नाही आणि पुष्कळजण वाचले. दहा माणसे मरण पावली. इंधनाची आठवण करून देणारा तो फ्लाइट इंजिनिअर त्या दहांपैकी एक होता.

या अपघाताची चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली. चौकशीचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने दोष एका बाजूला टाकून हात झटकले नाहीत. कप्तानाने इंधनाकडे आणि सहकाऱ्यांच्या सूचनांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हे मुख्य कारण. पण परिस्थिती किती बिकट आहे हे बाकी दोघांनाही पुरते उमगले नाही, किंवा आपली काळजी त्यांना कप्तानापर्यंत पोचवता आली नाही, हेही कारण मंडळाने नोंदवले.

‘पोचवता आली नाही’ म्हणजे काय? ती दोघे मुकी तर नव्हती! इथेच खरी मेख आहे. तुम्हाला मुख्याध्यापकांची एखादी चूक दिसली, तर तुम्ही काय म्हणता? ‘सर, आपण चुकलात’ असे म्हणत नाही. ‘सर, ते जरा... म्हणजे मला वाटतं...’ असे काहीतरी पुटपुटता. वरच्या माणसाशी बोलताना आपण शब्दांची धार बोथट करतो. त्यात मर्यादा असते, भीती असते, आणि ‘त्यांना ठाऊक असणारच’ असा विश्वासही असतो. ‘इंधन कमी होईल’ हे वाक्य आणि ‘पंधरा मिनिटांत उतरलो नाही तर इंजिने बंद पडतील’ हे वाक्य, दोन्हींत बातमी एकच आहे. पण पहिले वाक्य कामात बुडालेल्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही. चेरींच्या प्रयोगातील दुसऱ्या कानासारखी त्याची गत होते. म्हणजे सांगणारा हळू सांगतो आणि ऐकणारा गुंतलेला असतो. या दोहोंपैकी सांगणाऱ्याचे पद लहान असते, म्हणून ऐकणाऱ्यानेच अधिक कष्ट घ्यायला हवेत. कप्तानाने ‘फारच खाली म्हणजे किती?’ एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर वर केलेला भागाकार कॉकपिटमध्येच झाला असता.

याच्या आधी, २७ मार्च १९७७ रोजी, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील टेनेरीफ बेटावर याहून कितीतरी भयंकर अपघात झाला होता. दाट धुक्यात डच कप्तानाने विमान धावपट्टीवर पळवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच धावपट्टीवर समोर दुसरे जंबो विमान अजून होते. ते बाजूला झाले नाही काय, असे त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले. कप्तानाने ठासून सांगितले की झाले आहे. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. या कप्तानाने प्रश्नाला लगेच उत्तर दिले, हे लक्षात घ्या. चटकन उत्तर देणारा माणूस आपले ऐकतो आहे असे आपल्याला वाटते. पण त्याने प्रश्नातली शंका मनावर घेतलेली असतेच असे नाही.

मग वरच्या माणसाने ऐकावे तरी कसे? या प्रश्नाचा शोध या अपघातांच्या कितीतरी आधी एका कारखान्यात सुरू झाला होता. शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा अवाढव्य कारखाना होता. तिथे टेलिफोनची सामग्री तयार होत असे. जगाला एकमेकांचे ऐकू यावे म्हणून यंत्रे बनवणाऱ्या या कंपनीला १९२८ साली वाटले की, आपल्या कामगारांचे म्हणणे काय आहे ते विचारावे! सुरुवातीला ठरावीक प्रश्नांची यादी घेऊन मुलाखती घेतल्या. दिवे कसे आहेत? वरिष्ठ कसे आहेत? पण मुलाखत घेणाऱ्यांच्या लक्षात आले की, कामगार प्रश्नाचे उत्तर चटकन उरकतात आणि त्यांना स्वतःला बोलायचे असते ते निराळेच असते. मग यादी बाजूला ठेवली. कामगाराला हवे ते बोलू द्यायचे, मध्ये तोडायचे नाही, उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही, असे नियम केले. मुलाखती लांबत गेल्या. पुढच्या दोन-अडीच वर्षांत एकवीस हजारांहून अधिक कामगारांचे ऐकून घेतले गेले. वरवरच्या तक्रारीच्या मागे पुष्कळदा वेगळेच दुखणे असते, ते बोलणाऱ्यालाही बोलता बोलताच सापडते, असे या मुलाखतींतून दिसून आले.

‘सक्रिय श्रवण’ हे नाव रूढ झाले ते १९५७ साली. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्रासाठी त्या नावाची छोटी पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातील राल्फ निकोल्स यांनी आपल्या चाचण्यांवरून सांगितले की, सर्वसाधारण माणसाला भाषण संपल्या संपल्याच त्यातले निम्मे आठवत असते, आणि दोनेक महिन्यांनी जेमतेम पाव. शिक्षकांनी हा आकडा वाचून नाराज होऊ नये. भाषण मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे असले तरी तेच होते.

रॉजर्स यांनी एक साधा नियम सुचवला होता. वाद चालला असेल तर आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, आणि ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे तो म्हणाल्यावरच आपण बोलायचे. वाचायला हे पोरखेळासारखे वाटते. पण याने दोन गोष्टी साधतात. समोरच्याचे म्हणणे परत सांगायचे आहे म्हटल्यावर, तो बोलत असता मनातल्या मनात आपले उत्तर जुळवत बसण्याची चैन करता येत नाही. आणि समजण्यात चूक झाली असेल, तर ती तिथल्या तिथे उघडी पडते.

सूचना परत म्हणून दाखवण्याची पद्धत विमानवाहतुकीत होतीच. नियंत्रकाने दिलेली परवानगी वैमानिक उलट म्हणून दाखवतो. आपल्या रेल्वेतही इंजिनचालक आणि त्याचा साहाय्यक समोरच्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. पण नुसती पोपटपंची झाली, तर तिचा उपयोग नाही. टेनेरीफलाही रेडिओवरची सूचना परत म्हटली गेली होती. मात्र तिचा अर्थ वैमानिकाने एक घेतला आणि नियंत्रकाने दुसरा. शब्द परत आला म्हणजे अर्थ परत आला असे नसते. म्हणूनच रॉजर्स ‘आपल्या शब्दांत’ म्हणतात. नेतृत्वाच्या शिबिरांत हल्ली बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहा, मान हलवा, असे शिकवतात. मला त्याचे फारसे कौतुक नाही. नंदीबैलही मान हलवतो.

पोर्टलंडच्या अपघातानंतर १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने या विषयावर विमान कंपन्यांची खास बैठक भरवली. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांसाठी नवे शिक्षण सुरू केले. कप्तानाने सहकाऱ्यांना विचारायला आणि त्यांचे ऐकून घ्यायला शिकायचे, तर सहकाऱ्यांनी आपली शंका स्पष्ट शब्दांत मांडायला शिकायचे. काही जुन्या वैमानिकांना हे मुळीच आवडले नाही. विमान हाकायचे सोडून गोड बोलायला काय शिकवता, असा त्यांचा सूर होता. पुढे इस्पितळांनीही यातून धडे घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या यादीप्रमाणे शस्त्रक्रियेपूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगायचे असते. एकदा तोंड उघडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ते उघडणे सोपे जाते.

या शिक्षणाची परीक्षा १९ जुलै १९८९ रोजी झाली. कंपनी तीच, युनायटेड. डीसी-१० जातीच्या विमानाच्या शेपटीतील इंजिन आकाशात फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी द्रव दाबाच्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. सुकाणू नाही, पंखांवरच्या फळ्या नाहीत. विमान वळवायचे साधनच उरले नाही. असे काही घडले तर काय करायचे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. कप्तान ॲल हेन्स यांनी सहकाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. डेनिस फिच नावाचे वैमानिकांचे प्रशिक्षक त्या दिवशी प्रवासी म्हणून बसले होते. त्यांनी मदत करू का असे विचारले, तेव्हा हेन्स यांनी त्यांना आत घेऊन उरलेल्या दोन इंजिनांचे दांडे त्यांच्या हाती दिले. डावे इंजिन जास्त, उजवे कमी. उजवे जास्त, डावे कमी, अशा रीतीने विमान कसेबसे सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना ते मोडले आणि पेटले. २९६ माणसांपैकी ११२ मरण पावली, १८४ वाचली. त्या विमानातून कोणीही वाचणे हीच नवलाची गोष्ट होती. हेन्स पुढे भाषणांतून सांगत की, कॉकपिटमध्ये चौघांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, पण असा प्रसंग त्यांपैकी एकानेही पाहिला नव्हता. मग कप्तानालाच सगळे ठाऊक, असे कसे धरून चालायचे? तिथे निर्णय मात्र हेन्स यांनीच घेतले. सगळ्यांचे ऐकून घेणे म्हणजे सगळ्यांची मते मोजत बसणे नव्हे.

हा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. साहित्य काही नको, फक्त एक घड्याळ. सहलीला कुठे जायचे, यासारखा खरोखर मतभेद असलेला विषय निवडा. दोन मुलांनी बोलायचे आणि तिसऱ्याने पंच व्हायचे. पहिल्याने दोन मिनिटे आपले म्हणणे मांडायचे. दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचे आणि पहिल्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच स्वतःचे बोलायचे. पंचाने एवढेच मोजायचे की, ‘नाही, मला तसे म्हणायचे नव्हते’ हे वाक्य किती वेळा आले. मग एकदा जोडी बदला : एका बाजूला वर्गप्रमुख किंवा स्वतः सर बसू देत आणि समोर पाचवीतला एखादा मुलगा. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि सरांच्या समोर त्या मुलाने ‘नाही, मला तसे म्हणायचे नव्हते’ असे किती वेळा म्हणण्याचे धाडस केले, तेही वेगळे लिहा.